तेल वर चढेना

इंजिन सुरू झालं, लाल दिवा विझला आणि सगळ्यांनी हुश्श केलं. मग इंजिन गरम झालं आणि दिवा पुन्हा लुकलुकायला लागला.

अण्णा म्हणाले, "इंजिन नव्याने बांधलंय. रुळेल हळूहळू."

इंजिन रुळतं हे खरं आहे. तेलाचा दिवा रुळत नाही. तो लागला की इंजिन बंद करायचं, एवढाच त्याचा अर्थ. मी चावी फिरवली आणि बंद केलं.

"बंद कशाला केलंस?"

"दिवा लागला म्हणून."

"अगं, जरा रेस दिली की विझतो तो."

"मग गिऱ्हाइकाला सांगा, सिग्नलला उभं असतानाही रेस देत राहा."

अण्णा माझे थोरले दीर. बिबवेवाडीचं गॅरेज त्यांनी आणि माझ्या नवऱ्याने मिळून काढलेलं. नवरा गेल्यावर अर्धा वाटा माझ्याकडे आला. मी घरी बसून वाटा घेईन असं अण्णांना वाटलं होतं. मी गॅरेजमध्ये येऊन बसले. शाळा चौथीत सुटलेली, त्यामुळे पुस्तकातून काही शिकायचा प्रश्नच नव्हता. रॉकेलच्या परातीत पार्ट धूत धूत इंजिन कळत गेलं. पुढे हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं काम माझ्याकडे आलं आणि गाडी सोडण्याआधीची शेवटची तपासणीही. अण्णांकडे तीन खाती होती: गल्ला, गिऱ्हाइकाशी बोलणं आणि देवधर्म. इंजिनला हात लावणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. इंजिनांचं त्यात काही नुकसान झालं नाही.

खालचं इंजिन बांधायचं काम यूसुफभाईंचं. भवानी पेठेतला माणूस, घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं. बोलणं कमी, हात स्वच्छ. गॅरेजमध्ये स्वच्छ हात ही काय चीज आहे, ते गॅरेजमध्ये काम केल्याशिवाय कळणार नाही.

गाडी होती निखिलची. निखिल मूळचा अमरावतीचा, खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. त्या दिवसांत खराडीच्या शेतांमध्ये काचेच्या इमारती उगवत होत्या आणि प्रत्येक इमारतीतून गाडीचे हप्ते भरणारी मुलं बाहेर पडत होती. गाडी कशी चालते हे कळायची त्यांना गरज नव्हती. बँकेने तशी अट घातली नव्हती.

निखिल पहिल्यांदा आला तो टोचन लावूनच. पुढे टेम्पो, मागे दोरीला ही पांढरी गाडी आणि गाडीत हा.

"तेल कधी बदललं होतं?" मी विचारलं.

"पेट्रोल ना काकू? परवाच भरलं."

"इंजिन ऑइल."

"ते बदलावं लागते?"

"दिवा लागला नव्हता का? लाल?"

"लागला होता ना. चहाच्या किटलीचं चित्र येऊन राहिलं होतं. मला वाटलं, लांब ड्राइव्ह झाली तर ब्रेक घ्या असं सांगून राहिलं."

"मग घेतला ब्रेक?"

"घेतला ना. ऑफिसात पोचल्यावर."

यूसुफभाई तोंड फिरवून पान्याच्या पेटीत काहीतरी शोधायला लागले. काही हरवलेलं नव्हतं.

आता हे तेल इंजिनमध्ये करतं काय, ते सांगते. निखिललाही सांगितलं होतं.

इंजिनच्या पोटात क्रँक नावाचा एक वाकडातिकडा दांडा गरागरा फिरतो. तो ज्या कड्यांमध्ये फिरतो त्यांना बेअरिंग म्हणतात. क्रँक बेअरिंगला टेकून फिरतो असं लोकांना वाटतं. तो टेकत नाही. दोघांच्या मध्ये तेलाचा पातळ थर असतो, क्रँक त्यावर तरंगत फिरतो. थर गेला की लोखंड लोखंडाला खातं. मग ठकठक असा आवाज येतो, आणि निखिलसारखी माणसं गाडीतल्या गाण्याचा आवाज वाढवतात.

तो थर टिकवायचा तर तेल सतत पोचवायला हवं. त्याची व्यवस्था अगदी आपल्या सोसायटीच्या पाण्यासारखी. तळाला टाकी, तिला आम्ही चेंबर म्हणतो. टाकीत एक नळी सोडलेली, तिच्या तोंडाला जाळी. नळीच्या वरच्या टोकाला पंप. पंप तेल खेचतो आणि फिल्टरमधून गाळून वर ढकलतो. लोखंडात कोरलेल्या बारीक वाटांमधून ते आधी क्रँकला जातं, मग वर हेडला, आणि सगळीकडे फिरून आपल्या वजनाने पुन्हा चेंबरमध्ये गळतं. वरचा मजला शेवटी. म्हणून जोर कमी पडला की पहिली तक्रार वरच्या मजल्याची येते, टिकटिक टिकटिक. सोसायटीतही तसंच असतं.

पंपात एक छोटा रिलीफ व्हॉल्व्ह असतो. स्प्रिंगने दाबून धरलेलं एक बोटाएवढं लोखंडी बूच, त्याला प्लंजर म्हणतात. जोर फार झाला तर ते मागे सरतं, जादा तेल परत खाली सोडतं आणि पुन्हा घट्ट बसतं. पाइप फुटू नयेत म्हणून केलेली सोय.

आणि तो लाल दिवा. तेल किती आहे ते दिवा सांगत नाही, तेलाला जोर किती आहे तेवढंच सांगतो. तेल किती आहे ते बघायला डिपस्टिक असते, ती बॉनेटखाली. बॉनेट उघडायचा खटका कुठे आहे, हे निखिलला आमच्याकडे येऊन कळलं.

त्याच्या गाडीची बेअरिंगं खलास होती. पंपही घासून गेला होता. आम्ही पूर्ण इंजिन उतरवलं. क्रँक घासून आणला, नवी बेअरिंगं घातली, नव्या रिंगा, नवा पंप. मध्ये दसरा आला, त्यात दोन दिवस गेले. दसऱ्यानंतर यूसुफभाईंनी इंजिन बांधलं, मी हेड बसवलं, गाडी सुरू केली आणि वर सांगितलं ते झालं.

दिवा खोटं बोलत असेल, असं आधी धरलं. दिव्याला तेलाचा जोर कळवणारा एक छोटा स्विच इंजिनवर असतो. तो बदलला. गार इंजिनवर दिवा विझला. गरम झाल्यावर लागला. मग स्विचच्या जागी घड्याळासारखा गेज लावला. गेजला कोणाचं मन राखायचं नसतं. इंजिन गार असतानाच काटा अर्ध्यावर होता, ते गरम होत गेलं तसा आडवा पडला. वर हेडमध्ये टिकटिक सुरू झाली. म्हणजे दिवा खरं बोलत होता. तेल वर चढतच नव्हतं.

अण्णांनी लगेच उपाय काढला. "जाड तेल घाला."

जाड तेल म्हणजे काय, तेही सांगते, कारण तुमच्या गाडीतही कोणी घातलं असेल. तेल जितकं घट्ट तितकं ते फटीतून सावकाश निसटतं आणि गेजवर जोर जास्त दिसतो. आजार तसाच राहतो, फक्त दिवा विझतो. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच गॅरेजवाल्याला शिव्या देतं.

यूसुफभाई म्हणाले, "अण्णा, मी बांधलेल्या इंजिनात ते तेल नाही जाणार."

"का? तुझ्या इंजिनाला काय सोनं लागलंय?"

"सोनं नाही. बेअरिंग लागलंय. नवं."

"मग ते बेअरिंगच ढिलं बसवलं असशील. त्यातूनच तेल निसटतंय."

 बेअरिंग ढिलं बसवलंस, असं फिटरला म्हणणं म्हणजे स्वयंपाक्याला अन्नात थुंकलास म्हणण्यासारखं आहे.

 दुसऱ्या दिवशी यूसुफभाईंनी गाडी वर घेतली, तेल काढलं, चेंबर उतरवलं आणि बेअरिंगची एक एक टोपी खोलली. मला बोलावलं. "भाभी, आपण बघा. मी नाही बोलणार."

मी बघितलं. मोजलं. फट जेवढी हवी तेवढीच होती. बेअरिंग नव्या आरशासारखं होतं. मी अण्णांना तसं सांगितलं.

"तू त्याचीच बाजू घेणार," अण्णा म्हणाले.

"तुम्ही मोजून बघा."

अण्णांनी चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. चष्मा त्यांच्या खिशात होता.

खरी गोष्ट अशी की अण्णांना यूसुफभाई नको झाले होते. त्यांच्या मेहुण्याने एक फिटर सुचवला होता. कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काम केलेला, निळा गणवेश घालणारा, गिऱ्हाइकाला 'सर' म्हणणारा. तेव्हा शहरात चकचकीत सर्व्हिस सेंटरं निघत होती. तिथे गिऱ्हाइकाला काचेमागे बसवून कॉफी देत आणि गाडी न दाखवता बिल दाखवत. अण्णांना तसं गॅरेज हवं होतं. कॉफीचं यंत्र बसवायची जागासुद्धा त्यांनी ठरवून ठेवली होती, माझ्या रॉकेलच्या परातीची.

"वय झालं त्याचं," अण्णा मला म्हणाले. "नजर गेली. या गाडीनंतर त्याला मोकळं करू."

"माझं हो लागेल."

"मग तू सांग, दिवा का लागतो. सांगितलंस तर राहू दे त्याला. नाही सांगता आलं तर शनिवारी मी त्याच्याशी बोलतो."

मला सांगता येत नव्हतं. यूसुफभाईंच्या कानावर हे गेलंच, आमच्या गॅरेजला भिंती तीनच आहेत. संध्याकाळी ते स्वतःची हत्यारं वेगळी करत होते. गॅरेजचे पाने एकीकडे, स्वतःचे एकीकडे. मी बघून न बघितल्यासारखं केलं. ते भर पन्नाशीतले. त्या वयाचा फिटर गॅरेज सोडतो तेव्हा दुसऱ्या गॅरेजला जात नाही, रस्त्यावर स्टोव्ह दुरुस्त करायला बसतो.

निखिल रोज ऑफिस सुटलं की खराडीहून यायचा. रिक्षावाले किती लुटतात ते आधी सांगायचा, मग जुन्या टायरवर बसून बघत राहायचा. गाडी बिघडवून झाल्यावर त्याला गाडीत फार रस निर्माण झाला होता.

"काकू, एक विचारू?"

"विचारून झालं की गप्प बसणार असशील तर विचार."

"यात नवीन काय काय टाकलं?"

"बेअरिंग. रिंगा. गॅस्केट. फिल्टर. पंप. आणि परवा तो स्विच."

"बेअरिंग तुम्ही पाहिलं. स्विच बदलला. फिल्टर?"

"तोही बदलून पाहिला."

"रिंगा?"

"रिंगांचा या दिव्याशी संबंध नाही."

"मग पंप राहिला."

अण्णा गल्ल्यावरून हसले. "अहो, पंप नवा आहे. खोक्यातून काढलेला."

"नवीन आहे म्हणूनच म्हणून राहिलो काका. आमच्याकडे बग नेहमी नवीन कोडमध्येच निघते. जुनं तर चालतच असते ना."

"तुमच्याकडे चालतं ते. इथे लोखंड आहे."

 आम्ही सगळ्या जागा तपासल्या होत्या, एक सोडून. आणि ती एक का सोडली होती, याला प्रत्येकाचं कारण होतं. अण्णांना वाटत होतं, नवा पंप म्हणजे नवा पंप. यूसुफभाईंनी तो स्वतः धुतला होता, आत घट्ट तेल भरलं होतं, म्हणजे सुरू होताच तो कोरडा फिरू नये, आणि धूळ जाऊ नये म्हणून स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवला होता. त्यावर शंका घेणं म्हणजे स्वतःवर शंका. माझं कारण सर्वांत साधं. पंप क्रँकच्या टोकावर बसतो. तो काढायचा तर पुढचा बेल्ट, पुली, चेंबर सगळं उतरवायचं. मला कंटाळा आला होता.

ज्याला बॉनेटचा खटका सापडत नव्हता, त्याचं बरोबर होतं. मला ते आवडलं नाही, पण पंप काढायचं ठरवलं.

यूसुफभाईंना सांगितलं. ते हात पुसत उभे राहिले.

"भाभी, काढतो मी. पण तुम्ही विचार केलाय का? पंप साफ निघाला तर अण्णा म्हणणार, बघ, बेअरिंगच खराब. पंपात घाण निघाली तर म्हणणार, भरला कोणी? यूसुफने. मी दोन्हीकडून गेलो."

"गेलात तर निदान का गेलात ते कळेल."

"ते कळून काय करू?"

"मला कळायला हवंय. मी हो म्हणणार की नाही ते त्यावर ठरणार आहे."

त्यांनी पुलीला पाना लावला. धीर द्यायची पद्धत मला येत नाही. तेव्हाही येत नव्हती.

शनिवार उजाडला तेव्हा पंप बाहेर येत होता. निखिल ऑफिसात होता. अण्णा मात्र आज गल्ला सोडून आमच्या डोक्यावर येऊन उभे होते, चष्म्यासकट. निकाल कसाही लागला तरी तो त्यांच्याच बाजूचा होता, त्यामुळे ते आनंदात होते.

पंप पत्र्याच्या स्वच्छ ट्रेमध्ये ठेवला. मी रिलीफ व्हॉल्व्हची टोपी काढली. स्प्रिंग सुटी झाली. प्लंजर आपल्या वजनाने घसरून हातात यायला हवा. आला नाही. अडकला होता. लाकडी काडीने ढकलला तेव्हा हळूच निघाला. तो जिथे घट्ट बसायला हवा, त्या कडेला काहीतरी चिकटलं होतं. गुलाबीसर, चुऱ्यासारखं. तेवढ्याने प्लंजर कायम किंचित उघडा राहिला होता. पंप बिचारा जीव तोडून तेल वर ढकलत होता आणि निम्मं तेल तिथूनच चेंबरमध्ये परत जात होतं. वरची टाकी भरायची आणि खालचा नळ उघडा ठेवायचा, तसला प्रकार.

"घाण," अण्णा म्हणाले. इतक्या समाधानाने हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. "आता बोल, यूसुफ. पंप भरला कोणी?"

"मी भरला," यूसुफभाई म्हणाले.

"धुतला कोणी?"

"मी."

"गुंडाळला कोणी?"

"मीच. माझीच चूक असेल, अण्णा."

मी तो चुरा बोटावर घेतला आणि चोळला. वाळू अशी लागत नाही. लोखंडाचा कीस चमकतो, हा चमकत नव्हता. मग मी पंपाच्या तोंडात, जिथे नळी जोडतात तिथे, बॅटरी मारून बघितलं. आतल्या वळणावर, घट्ट तेलात चिकटून, एक आख्खा दाणा बसला होता. चिमट्याने काढला आणि ट्रेमध्ये ठेवला.

तांदूळ. वर लाल रंगाचा.

तिघेही त्या दाण्याकडे बघत राहिलो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा असते, सगळ्याच गॅरेजांत असते. चादर अंथरायची, पाने, जॅक, हातोडे धुऊन पुसून मांडायचे, झेंडू, हळद-कुंकू, अक्षता, नारळ. अण्णांचा नियम असा की दुरुस्तीला आलेल्या गाड्याही पूजेतून सुटता कामा नयेत. खोललेली गाडी असेल तर तिचे पार्टसुद्धा चादरीवर. यूसुफभाई दरवर्षी आपली हत्यारं स्वतः घासून मांडून देत, पेढा घेत आणि घरी जात. मी त्या दिवशी स्वयंपाकात, आरतीपुरती आले होते. पूजा करणारा माणूस एकच.

"उंदीर," अण्णा म्हणाले. "उंदराने नेला असेल दाणा."

"कुंकू लावून?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दाणा तिथेच होता.

"पंप कापडात होता," मी म्हटलं. "कापडाला गाठ होती. तांदूळ आत कसा गेला?"

"गाठ मी सोडली होती," अण्णा म्हणाले. आवाज गल्ल्यावरचा नव्हता. "देवापुढे गुंडाळलेली वस्तू ठेवायची का? पूजा कापडाची करायची? सोडली, अक्षता वाहिल्या आणि जशी होती तशी पुन्हा बांधली. तशीच गाठ. विचार यूसुफला."

यूसुफभाई म्हणाले, "गाठ माझ्यासारखीच होती. म्हणून तर बघितलं नाही."

अण्णांचा अक्षता टाकायचा हात सैल आहे. चिमूट त्यांना माहीत नाही, मूठ माहीत आहे. पंपाचं तोंड वर होतं. चार-दोन दाणे आत गेले, घट्ट तेलात चिकटले. इंजिन सुरू झाल्यावर पंपाच्या चाकांनी ते भरडले आणि कणी जाऊन बसली व्हॉल्व्हच्या कडेला. जाळी असते ती नळीच्या तोंडाला, चेंबरातला कचरा अडवायला. वरून येणाऱ्या आशीर्वादासाठी जाळी कोणी बसवलेली नाही.

थोड्या वेळाने अण्णा सावरले. "पण बघा," ते म्हणाले, "दिवा वेळेवर लागला. गाडी रस्त्यावर गेली असती तर क्रँक पुन्हा गेला असता. देवानेच वाचवलं."

"त्यानेच घातलं आणि त्यानेच वाचवलं," मी म्हटलं. "आपण मध्ये नव्हतोच."

"निखिलला काय सांगायचं?"

"ते तुम्ही ठरवा. बोलणं तुमचं खातं आहे. निळ्या गणवेशवाल्याला काय सांगायचं, ते मी ठरवलंय."

 माफी मागायची पद्धत अण्णांना येत नाही, आमच्या घरातच ती नाही. ते गल्ल्यावर गेले आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला. यूसुफभाईंचा चहा स्वतः आणून दिला आणि कप ठेवून लगेच वळले, जणू दुसरीकडेच चालले होते. यूसुफभाईंनी चहा घेतला. मग वेगळे काढलेले आपले पाने पुन्हा गॅरेजच्या फळीवर लावले.

पंप धुतला, व्हॉल्व्ह साफ केला, सगळं परत बसवलं. गेज लावला, इंजिन गरम होऊ दिलं. काटा वर गेला आणि तिथेच राहिला. हेडमधली टिकटिक थांबली. दिवा लागला नाही.

निखिल संध्याकाळी आला. अण्णांनी त्याला सांगितलं, "पंपातच दोष होता." हे खोटं नव्हतं.

"मी म्हटलंच होतं ना काका," निखिल म्हणाला. पुढे कित्येक दिवस तो आपल्या ऑफिसात ही गोष्ट सांगायचा. त्यातून आम्हाला बरीच गिऱ्हाइकं मिळाली, सगळी किटलीचं चित्र बघून ब्रेक घेणारी.

यातून शिकण्यासारखं फार नाही. नवं आहे म्हणून तपासायचं सोडू नये आणि गाठ तशीच आहे म्हणून आत कोणी हात घातला नाही असं समजू नये. तेल दर ठरलेल्या अंतराने बदलावं. लाल दिवा लागला तर गाडी तिथल्या तिथे बंद करावी, ऑफिसात पोचल्यावर नाही.

यूसुफभाईंनी मात्र त्यानंतर एक अट घातली, आयुष्यातली बहुधा पहिलीच. पूजेला ते स्वतः हजर राहणार. पुढच्या खंडेनवमीला ते धुतलेला शर्ट घालून चादरीशेजारी मांडी घालून बसले. पार्ट त्यांनी आधीच डब्यांत बंद करून झाकणांना टेप लावली होती. ताटातून झेंडूचं एकेक फूल उचलून ते अण्णांच्या हातात देत होते. अक्षतांची वाटी त्यांनी आपल्या मांडीशी ओढून ठेवली होती.

निखिल तेल बदलायला आला होता. तेल बदलायचं त्याला आता कळत होतं, खंडेनवमीला गॅरेज बंद असतं हे कळत नव्हतं. तो बघतच राहिला. मग नवा मोबाइल काढून त्याने फोटो घेतला.

"काकू, काय सीन आहे हा," तो हळू आवाजात म्हणाला. "यूसुफचाचा पूजेला बसले, स्वतः फुलं देऊन राहिले. आजच्या काळात अशी श्रद्धा कुठे पाहायला मिळते? मी हे ऑफिसात सगळ्यांना पाठवतो."

"पाठव," मी म्हटलं.

अण्णांनी डोळे मिटून मंत्र म्हणत अक्षतांच्या वाटीकडे हात नेला. यूसुफभाईंनी वाटी आणखी जवळ ओढली आणि त्यांच्या तळहातावर एक झेंडू ठेवला.